सारायेव्होहून आई-बाबांना

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

मी बोस्नियाच्या राजधानीत, सारायेव्होत, सुखरूप आहे. आज दिवसभर इथल्याच एका गाइडबाईंबरोबर पायी फिरले. शहराला वेढा पडला तेव्हा त्या शाळेत होत्या. एप्रिल १९९२ ते फेब्रुवारी १९९६, जवळजवळ चार वर्षं सर्ब फौजा भोवतालच्या डोंगरांवरून तोफा डागत होत्या. वीज नाही, नळाला पाणी नाही.

आई, त्यांनी मला इथला जुना बिअरचा कारखाना दाखवला. त्याच्या आवारात जिवंत झरा आहे, म्हणून लोक लांबून कॅन घेऊन तिथे रांगा लावायचे. त्या रांगेवरही गोळे पडले, माणसं मेली. तरी दुसऱ्या दिवशी रांग असायचीच, कारण घरात पाणी नव्हतं. टँकरचे उन्हाळे तूही काढलेस, पण हंडा घेऊन निघताना परत येऊ की नाही ही धास्ती तुला नव्हती. त्यांच्या आईला ती रोज होती.

मरकाले बाजारात ५ फेब्रुवारी १९९४ ला एका गोळ्याने ६८ माणसं गेली. आज तिथे पुन्हा भाजी विकतात. बाईंनी आपली घरची भाजीही तिथूनच घेतली.

बाबा, तुम्हाला सांगायचंय ते वियेच्नित्साबद्दल. नदीकाठच्या या देखण्या इमारतीत राष्ट्रीय ग्रंथालय होतं. ऑगस्ट १९९२ मध्ये आग लावणारे गोळे टाकून ते जाळलं. कर्मचारी आणि आसपासचे लोक साखळी करून पुस्तकं बाहेर काढत होते. आयदा बुतुरोविच ही तिथली तरुण कर्मचारी त्यातच जिवाला मुकली. दारावरच्या पाटीवर वीस लाखांहून जास्त पुस्तकं, नियतकालिकं, कागदपत्रं गेल्याचं लिहिलंय. बाई म्हणाल्या, पानांची राख घरांच्या छपरांवर पडत होती. इमारत २०१४ मध्ये पुन्हा उघडली, अगदी पूर्वीसारखी रंगीत. पुस्तकं कुठून येणार? मी त्या सुंदर खांबांकडे बघत होते आणि मला नुसता राग येत होता.

१९९२ च्याच मे महिन्यात इथली ओरिएंटल इन्स्टिट्यूटही जळली, पाच हजारांहून जास्त हस्तलिखितं गेली. पण पूर्वी येऊन गेलेल्या परदेशी अभ्यासकांकडे काहींच्या फोटोप्रती आणि मायक्रोफिल्म होत्या. त्या शोधून थोडा मजकूर तरी परत मिळवता आला.

म्हणून विनंती करते. आपल्या वाचनालयातल्या पोथ्या तुम्ही जिवापाड जपता, पण त्यांची प्रत दुसरीकडे कुठेच नाही. दिवाळीला येताना मी स्कॅनर घेऊन येते, खर्च माझा. कुठल्या पोथ्या आधी घ्यायच्या त्याची यादी तेवढी करून ठेवा. मोडीतली दप्तरं आईकडे द्या. तिने वर्ग केलाय, तिला नीट लावता येतील.

बाबा, गोळ्या वेळेवर घ्या. उद्या मोस्तारला जातेय, पोचले की फोन करते.

तुमची,
मनीषा