फळ्यावरून उतरवलेलं पत्र

अहिल्यानगर,
२० जानेवारी

चि. बाळास,
पप्पांचा आणि मम्मीचा सलाम, आणि पुष्कळ आशीर्वाद.

परवा आफ्रिकेतल्या मलावीहून फोनवर तू विचारलंस, "पप्पा, देणगीदारांना पाठवायच्या पत्रांत मुलांकडून काय लिहून घेऊ?" आणि लाइन गेली. महिनाअखेर साठ पत्रं आणि साठ फोटो ऑफिसात द्यायचेत, एवढंच ऐकू आलं. त्या रात्री मला झोप लागली नाही. मम्मीने दोनदा विचारलं, काय झालं. तिलाही सांगितलं नाही, कारण ही गोष्ट मी या घरात कधी काढलेलीच नाही. आता तुम्हा दोघींना एकदमच सांगतो.

मी बोर्डिंगमध्ये वाढलो हे तुला ठाऊक आहे. तिथे दरवर्षी डिसेंबर लागला की एका संध्याकाळी आम्हाला ओळीने सतरंजीवर बसवत आणि फळ्यावर इंग्रजीत एक पत्र लिहीत. ते आम्ही जसंच्या तसं उतरवायचं. मी सुखी आहे, माझी तब्येत चांगली आहे, मी तुमच्यासाठी रोज प्रार्थना करतो, अशा अर्थाचं ते असायचं. अर्थ मला पुढे कळला. तेव्हा मी नुसती अक्षरं काढायचो, चित्र काढतात तशी.

१९७२ साली मी सहावीत होतो. त्या दुष्काळाबद्दल तू आजीकडून ऐकलंयस. ती तेव्हा रस्त्याच्या कामावर खडी फोडत होती. गावात परदेशातून आलेल्या लाल मिलोच्या भाकरी आणि कामावर वाटलेली सुकडी, यांवर माणसं दिवस काढत होती. दिवाळीच्या सुट्टीत मी घरी गेलो, तर आजीला माझ्या डोक्यावरून हात फिरवता येईना. तळहाताला फोड येऊन ते फुटले होते, आणि त्यावर चिंधी बांधून ती परत कामावर जात होती. डिसेंबरात फळ्यावरचं पत्र उतरवून झाल्यावर मी खाली मराठीत एक ओळ जास्तीची लिहिली. "माझी आई खडी फोडते, तिचे हात सोलले आहेत." ज्यांनी कागद गोळा केले त्यांनी ती ओळ पाहिली. ओरडले नाहीत. कागद फाडून नवा दिला आणि म्हणाले, "साहेबलोकांना रडगाणं लिहायचं नसतं. पुन्हा उतरव." मी पुन्हा उतरवलं. मी सुखी आहे, माझी तब्येत चांगली आहे.

बाळा, त्या बोर्डिंगने मला दोन वेळचं जेवण दिलं, अक्षर दिलं, ज्या नोकरीवर तुझं शिक्षण झालं ती दिली. हे मी रोज प्रार्थनेत आठवतो आणि मरेपर्यंत आठवीन. पण तो फाटलेला कागदही खरा आहे.

आणि त्याहून मोठी हळहळ वेगळीच आहे. पुढच्या वर्षी मला एक कार्ड आलं. माझ्या नावावर पैसे पाठवणाऱ्या म्हाताऱ्या बाईंचं. सोबत फोटो होता, घराच्या पायरीवर त्या आणि त्यांचं कुत्रं. वर्गातल्या गुरुजींनी मजकूर वाचून सांगितला. त्यांनी विचारलं होतं, "तुला काय खायला आवडतं?" तेवढा एकच प्रश्न. मी आठवडाभर उत्तर मनात जुळवत होतो. पण पत्र परत डिसेंबरातच गेलं, आणि तेही फळ्यावरचंच. त्या बाईंना वाटलं असेल, या मुलाला आपला प्रश्न कळलाच नाही. किंवा हा मुलगा आपल्याशी बोलूच इच्छित नाही. मला स्वतःचं इंग्रजी यायला लागलं तोवर तो पत्ता कुणाकडे उरला नव्हता.

म्हणून सांगतो, मुलांना फळा देऊ नकोस. कोरा कागद दे. त्यांच्या चिचेवा भाषेत लिहू दे, जे लिहितील ते. तू आणि तिथल्या शिक्षकांनी बसून खाली भाषांतर करा. साठ पत्रं महिनाअखेर झाली नाहीत तर वीस पाठव आणि बाकीची नंतर येतील असं ऑफिसला कळव. कुणी म्हणालं की दुःख लिहिलेलं देणगीदारांना आवडत नाही, तर माझी गोष्ट सांग. त्या बाई फोटोत कुत्र्याला जवळ घेऊन बसल्या होत्या. आजीचे हात त्यांना कळले असते.

फोटोंचंही तसंच. तू पाठवलेला तो फोटो मी मोठा करून पाहिला. नऊ-दहा वर्षांची मुलगी, पाठीला चितेंजेच्या कापडाने बांधलेलं धाकटं भावंड, दोन्ही हातांत प्लास्टिकचा मग. कुणीतरी तिला कॅमेऱ्याकडे बघायला सांगितलं असणार, पण तिची नजर मगातल्या लापशीवर आहे. तिला आधी खाऊ दे. फोटो त्यानंतर, आणि तिला विचारून. उजव्या हाताचं दान डाव्या हाताला कळू नये असं प्रभूने सांगितलं, आणि आपण लापशीचा मग हातात देऊन फोटो काढतो.

लापशीचं मोल मला कुणी शिकवायला नको. मक्याचं आणि सोयाबीनचं पीठ शिजवून करतात ना ती? तुझं वर्णन ऐकताना माझ्या तोंडात सुकडीची चव आली. मलावीतल्या शाळांतल्या या लापशीच्या कामाबद्दल मी थोडं वाचलं. २००२ च्या दुष्काळात मॅग्नस मॅकफार्लेन-बॅरो हे स्कॉटलंडचे कॅथलिक गृहस्थ तिथे गेले होते. एका झोपडीत एड्सने मरणाला टेकलेली आई होती. तिच्या चौदा वर्षांच्या मुलाला त्यांनी विचारलं, तुला आयुष्यात काय हवंय. पोटभर खायला हवं आणि एक दिवस शाळेत जायला हवं, असं तो म्हणाला. त्यातून 'मेरीज मील्स' सुरू झालं, ब्लँटायरजवळ दोनशे मुलांपासून. आज वेगवेगळ्या देशांतली वीस लाखांहून अधिक मुलं शाळेच्या दिवशी त्यांच्याकडचं जेवण जेवतात. मला त्यातला विचारण्याचा भाग महत्त्वाचा वाटतो. त्या माणसाने विचारलं आणि मुलाने स्वतःच्या तोंडाने सांगितलं. चुलीजवळही तिथल्याच आया आणि आज्या पहाटे उठून पाळीपाळीने पातेलं ढवळतात. तुझ्या शाळेतही तसंच आहे म्हणालीस. त्या बायकांच्या सोबत उभी राहा, त्यांच्यावर देखरेख करायला नको.

वर्गात शंभराच्या वर मुलं बसतात, हे सांगताना तुझा आवाज रडवेला झाला होता. तो दोष त्या शिक्षकांचा नाही. १९९४ मध्ये मलावीने प्राथमिक शाळेची फी माफ केली आणि पटावरची मुलं एकदम एकोणीस लाखांवरून तीस लाखांच्या आसपास गेली. मुलं आली, पण खोल्या आणि शिक्षक तेवढ्या वेगाने कुठून येणार? गरिबाचं पोर शाळेच्या दारात येऊन उभं राहिलं, हे चांगलंच झालं. आता त्याला बसायला जागा करणं हे तुमचं काम.

तू चिराडझुलू जिल्ह्यात आहेस हे कळल्यापासून मी, जुना इतिहासाचा मास्तर, नकाशा घेऊन बसलोय. १५ तारखेला तुला सुट्टी होती ती जॉन चिलेंब्वेंच्या नावाची. ज्यांचा चेहरा तुमच्या नोटेवर आहे ते. स्कॉटलंडच्या मिशनऱ्यांनी १८७५-७६ पासून त्या देशात शाळा काढल्या. त्याच स्कॉटलंडच्या मिशनच्या पुण्यातल्या शाळेत आपले जोतीराव शिकले होते. चिलेंब्वे अमेरिकेत शिकून १९०० मध्ये परत आले आणि तुझ्याच जिल्ह्यात त्यांनी स्वतःचं मिशन उभारलं, शाळा काढल्या. शेजारच्या गोऱ्यांच्या मळ्यावर मजुरांनी बांधलेली ख्रिस्ती प्रार्थनामंदिरं व्यवस्थापकाने जाळली. १९१५ च्या जानेवारीत चिलेंब्वेंनी उठाव केला, त्यात माणसं मेली, आणि फेब्रुवारीत ते स्वतः गोळीला बळी पडले. सरकारने त्यांचं विटांचं मोठं चर्च पाडून टाकलं. मी रक्तपाताचं समर्थन करत नाही. पण ज्याच्या हातात पाटी दिली तो एक दिवस विचारतो की माझ्या बापाने तुमच्या मळ्यावर फुकट का राबायचं, आणि त्याला विचारता आलंच पाहिजे.

चिलेंब्वेंच्याच शाळेतला डॅनियल मालेकेबू हा मुलगा. एमा डिलेनी या अमेरिकेतून आलेल्या कृष्णवर्णीय मिशनरी बाईंनी त्याला शिकवलं. त्या परत गेल्या तेव्हा तोही पुढे अमेरिकेत पोचला, डॉक्टर झाला, आणि १९२६ मध्ये बायकोला घेऊन चिराडझुलूला परतला. बंद पडलेलं मिशन त्यांनी पुन्हा उघडलं, चर्चही परत बांधलं. वेळ मिळाला तर ते बघून ये आणि मला सविस्तर लिही.

आपल्या नगरचंच बघ ना. अमेरिकन मिशनरी सिंथिया फॅरारबाई १८२७ मध्ये मुंबईत उतरल्या, पुढे १८३९ पासून नगरला, आणि १८६२ मध्ये इथेच त्यांनी देह ठेवला. त्यांच्या मुलींच्या शाळा जोतीरावांनी पाहिल्या आणि १८४८ मध्ये पुण्यात स्वतःची शाळा काढली. बाईंनी कुणाकडून आभाराची पत्रं लिहून घेतली की नाही, माहीत नाही. पण ज्यांनी त्यांची शाळा पाहिली ते शाळा काढायला गेले.

मम्मी म्हणते पत्र फार लांबलं आणि मच्छरदाणीचं विचारायचं राहिलं. तर रात्री मच्छरदाणी लावत जा, पाणी उकळूनच पी. मंडळीतले सगळे तुझी चौकशी करतात. पाळकसाहेबांनी गेल्या रविवारी तुझ्यासाठी नाव घेऊन प्रार्थना केली.

आणि एक काम कर. त्या मगवाल्या मुलीला माझ्याकडून विचार, तुला काय खायला आवडतं. लापशीशिवाय काय. ती जे सांगेल ते तिच्याच शब्दांत लिहून पाठव. मला विचारलं होतं तेव्हा मी जे मनात जुळवलं होतं ते असं होतं. बाजरीची गरम भाकरी, वर शेंगदाण्याची चटणी आणि थोडं तेल, आईने हाताने कुस्करून दिलेलं. त्या मुलीला हेही सांग.

तुझे,
पप्पा