घरी परतलेल्या जीबीएस रुग्णांसाठी साहित्य, निधी आणि वेळ हवा आहे

सप्रेम नमस्कार.

फ्लू किंवा कोविडसारखा संसर्ग बरा होऊन एक-दोन आठवडे उलटतात आणि पायांत मुंग्या येऊ लागतात. जिना चढवत नाही, मग हातांतलीही ताकद जाते. हा गुलेन-बॅरे सिंड्रोम, म्हणजेच जीबीएस. विषाणूशी लढणारी प्रतिकारशक्ती आपल्याच नसांवर उलटते. आजार क्वचितच होतो, पण झालेल्यांपैकी साधारण पाचातल्या एकाला व्हेंटिलेटर लागतो. आयव्हीआयजी (शिरेतून दिली जाणारी, दात्यांच्या रक्तातली प्रतिपिंडे) किंवा प्लाझ्मा एक्स्चेंज (रक्तातला द्रव भाग काढून बदलणे) वेळेत मिळाले, तर बहुतेक रुग्ण पुन्हा चालू लागतात.

आमच्या रुग्णसाहाय्य मंडळाचे काम सुरू होते ते रुग्णालयातून सुटी मिळाल्यावर. जीव वाचलेला असतो, बिलात होते नव्हते ते संपलेले असते आणि रुग्णाला अजून कूसही बदलता येत नसते. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा, कोणीतरी त्याला वळवायचे. चेहऱ्याचे स्नायू लुळे पडले असतील तर डोळे मिटत नाहीत. थेंब घालून पापण्या टेपने बंद कराव्या लागतात. रुग्णाला मात्र सगळे ऐकू येते, सगळे कळते. भेटायला जाणाऱ्यांनी त्याच्यादेखत ‘आता कसं व्हायचं’ म्हणू नये, ही कळकळीची विनंती.

नस आतून तुटली असेल तर ती दिवसाला जेमतेम 1 मिलिमीटर वाढते. म्हणून फिजिओथेरपी महिनोन्‌महिने चालते. पैशांअभावी ती मध्येच सुटली की सांधे आखडतात, आणि बरा होऊ शकणारा माणूस अंथरुणाला खिळतो. हे आम्हाला होऊ द्यायचे नाही.

घरात पडून असलेली व्हीलचेअर, वॉकर, हवेची गादी किंवा डोक्याकडून वर होणारी खाट आम्हाला द्या. किरकोळ दुरुस्ती आम्ही करून घेऊ. पायाचे स्प्लिंट, म्हणजे पाऊल सरळ धरून ठेवणारे आधार, मापाचेच लागतात, तेव्हा त्यासाठी आणि फिजिओथेरपीसाठी निधी हवा आहे. प्रत्येक देणगीची पावती मिळेल. आठवड्यातून दोन तास देऊ शकणारे स्वयंसेवकही हवेत. रुग्णाला वळवायचे, बसवायचे कसे ते आम्ही शिकवू. तेवढ्या वेळात सांभाळणाऱ्या बायकोला किंवा आईला झोप तरी मिळेल.

साहित्य, देणगी आणि नावनोंदणी मंडळाच्या कार्यालयात स्वीकारली जाईल. आणि तापानंतर कोणाच्या पायांतली ताकद जाऊ लागली, तर थकवा म्हणून थांबू नका. त्याच दिवशी अतिदक्षता विभाग असलेले रुग्णालय गाठा.