एका गाण्याची गायिका?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

एकाच गाण्यावर गाजलेल्या पाश्चात्त्य गायकांवरचा आपल्या रविवार पुरवणीतला लेख वाचला. त्यात स्कॉटलंडच्या एडी रीडरची दोन ओळींत बोळवण केलेली पाहून राहवलं नाही.

तिचं ‘परफेक्ट’ हे गाणं मे १९८८ मध्ये ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर होतं, हे खरं. पण ते लिहिलं मार्क नेविननं. वाजवलं ‘फेअरग्राउंड अ‍ॅट्रॅक्शन’ या चौघांच्या बँडनं. सिंथेसायझरचा सुकाळ असताना सायमन एडवर्ड्सच्या हातात होतं गिटारॉन, म्हणजे मोठ्या पोटाची, खर्जात घुमणारी मेक्सिकन गिटार. एडीचा आवाज त्यावर मजेत तरंगतो. पुढल्या वर्षी या बँडला सर्वोत्कृष्ट सिंगल आणि अल्बमचे ब्रिट पुरस्कार (ब्रिटिश संगीतातले मानाचे पुरस्कार) मिळाले, आणि दुसऱ्या अल्बमच्या वेळी बँड मोडला. आपला लेखही तिथंच संपतो!

मी नोकरीनिमित्त काही वर्षं ग्लासगोत होतो. तिथल्या सॉकीहॉल स्ट्रीटवर भर पावसात कुणी ना कुणी गात उभं असायचं, पुढ्यात गिटारची उघडी पेटी, आत ओली चिल्लर. एडीची सुरुवात याच रस्त्यावरची. नंतर ती युरिथमिक्ससारख्या गाजलेल्या बँडच्या मागे कोरसमध्ये गायली. दुसऱ्याच्या सुरात सूर मिसळायची सवय तिथली असावी. बँड मोडल्यावर बू ह्युअरडीन या गीतकाराशी तिची जी जोडी जमली ती कित्येक वर्षं टिकली. १९९५ मध्ये सर्वोत्कृष्ट ब्रिटिश गायिकेचा ब्रिट पुरस्कार मिळाला, तो एकटीला. लेखात त्याचा उल्लेखच नाही.

पण माझी खरी तक्रार रॉबर्ट बर्न्स या जुन्या स्कॉटिश कवीविषयी आहे; एडीनं त्याची गाणी गायली, याचा लेखात पत्ताच नाही. एडीचं कुटुंब ग्लासगोहून अर्विनला गेलं. त्याच गावात १७८१ मध्ये बर्न्स जवसाच्या झाडाचे तंतू विंचरायचं काम शिकायला आला होता. नववर्षाच्या जल्लोषात दुकान जळालं आणि स्वारी कफल्लक होऊन परतली. या कवीनं गावोगावच्या जुन्या चालींवर शब्द बसवले, म्हणजे तोही भागीदारीतलाच गडी. २००३ मध्ये एडीनं त्याची गाणी रॉयल स्कॉटिश नॅशनल ऑर्केस्ट्राच्या साथीनं रेकॉर्ड केली. शाळेत घोकलेल्या कवितेचा चोथा झालेला असतो, तसा इथं कुठंही जाणवत नाही. मधेच जॉन डग्लसचं आजच्या काळातलं एक गाणंही येतं आणि सांधा कळत नाही. हे जॉनराव पुढे तिचे यजमान झाले, पण तो मुद्दा वेगळा.

२०२४ मध्ये ‘फेअरग्राउंड अ‍ॅट्रॅक्शन’चे मूळचे चौघं पुन्हा एकत्र आले आणि नवा अल्बमही काढला. लेखकमहाशयांनी निदान बर्न्सच्या अल्बममधलं ‘विली स्ट्युअर्ट’ ऐकावं. आणि पुढच्या रविवारी चौकटीत चार ओळींची दुरुस्ती छापावी, ही विनंती.

– एक जुना वाचक, ठाणे