पोहण्याच्या निवड चाचणीआधी पोशाख तपासणी – सर्व सभासद व पालकांसाठी

नमस्कार मंडळी,

येत्या रविवारी सकाळी ६.३० वाजता अंबाझरीच्या आपल्या नेहमीच्या जलतरण तलावावर निवड चाचणी आहे. पोशाख तपासणी ६ वाजता. स्पर्धेत घालणार तोच पोशाख आणावा.

नियम जागतिक जलतरण संघटनेचेच, १ जानेवारी २०१० पासूनचे:
- मुलांचा पोशाख कमरेपासून गुडघ्यापर्यंत, मुलींचा खांद्यापासून गुडघ्यापर्यंत.
- फक्त विणलेलं कापड. चेन चालणार नाही.
- एकावर एक दोन पोशाख नकोत, अंगाला टेपही नको.
- मान्यतेचं लेबल कापू नका, तेच आधी पाहिलं जाईल.

"एवढी कडक तपासणी कशाला?" असं काही पालकांनी विचारलं. २००९ च्या रोम जागतिक स्पर्धेत ४३ विश्वविक्रम मोडले. तेव्हाचे पॉलियुरेथेनचे (एक प्रकारचं रबरासारखं प्लास्टिक) पोशाख शरीर आवळून धरायचे, तरंगायला मदत करायचे. पोहणारा जिंकला की पोशाख, हेच कळेना, म्हणून त्या पोशाखांवर बंदी आली. ती योग्यच होती, असं माझं ठाम मत आहे.

१२ वर्षांखालच्या मुलांसाठी कृपया महागडे रेसिंग सूट घेऊ नका. अमेरिकेतही त्या वयाला ते २०२० पासून बंद आहेत. इतके घट्ट असतात की चढवताना मूल रडकुंडीला येतं, नख लागलं की कापड फाटतं. साधा, मापाचा पोशाख पुरे. तेच पैसे खुराकावर घाला.

शंका असल्यास शनिवारी सरावानंतर पोशाख घेऊन प्रशिक्षकांना दाखवा. रविवारी ऐनवेळी सवलत मिळणार नाही.

– सचिव