चि. आशिषला, प्रभुभोजनाच्या रविवारआधी

चि. आशिष यास,

प्रभूच्या नावात सप्रेम सलाम.

मंडळीनं तुला वडील, म्हणजे पाळकांबरोबर मंडळीचं काम बघणारा, म्हणून निवडलं आणि पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी नेमणुकीची प्रार्थना आहे, हे कळलं. फार समाधान वाटलं. त्याच दिवशी प्रभुभोजनही आहे, म्हणजे तुझ्या कामाची सुरुवात थेट पाव आणि द्राक्षरस वाटायच्या मेजापासून होणार. फोनवर सांगितलेलं अर्धं विसरतं, म्हणून सगळं लिहूनच पाठवते.

आधी मुख्य गोष्ट. आपल्या प्रेस्बिटेरियन परंपरेत मंडळीचं कुठलंही काम एकट्यानं करायचं नसतं. पाळकसाहेब सभेचे अध्यक्ष असतात, पण ते एकटे कुणाचं नाव सभासदांच्या पटावर घालत नाहीत आणि एकटे काढतही नाहीत. वडील एकटा पैसे मोजत नाही. मंडळीचा एखादा निर्णय चुकला असं वाटलं तर वरच्या सभेकडे दाद मागता येते. स्कॉटलंडमध्ये घडलेली ही पद्धत अमेरिकेत गेली आणि मिशनबरोबर आपल्याकडे आली. अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर १८५२ साली कोल्हापुरात आले, आणि १८७० पासून इथलं काम प्रेस्बिटेरियन मिशनकडे गेलं. पुढे १९२४ साली युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया झालं, २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचं ऐक्य झालं. तेव्हापासून पाळक आणि वडिलांच्या या सभेला कुठे पंचकमिटी म्हणतात, कुठे जुन्या पद्धतीनं सत्र. बिशपही आले. पण मिळून काम करायची ही शिस्त आपण सोडलेली नाही. तुला कुणी प्रेमानं म्हणालं, ‘तुम्ही एकटेच बघा, आमचा विश्वास आहे,’ तरी दुसरा माणूस सोबत घ्यायचाच.

आता मेज. सुरुवात रसापासून कर, कारण बिघडतो तो रसच. आपण न आंबवलेला द्राक्षरस वापरतो, आणि त्याला कारण आहे: दारू सोडून मंडळीत उभा राहिलेला माणूस त्या बाकावर बसलेला असतो. त्याच्या हातात आंबलेला पेला जाता कामा नये. हंगामात तासगावकडची काळी द्राक्षं मिरजेच्या बाजारात येतात. अडीच किलोत साधारण दीड लिटर रस निघतो. मणी देठापासून सोडव, धुऊन घे, स्टीलच्या पातेल्यात मंद आचेवर ठेव, पाणी वाटीभरच. साली फुटल्या की डावानं दाब, दहा मिनिटं राहू दे आणि ओल्या पातळ फडक्यातून गाळ. फडकं पिळू नकोस, टांगून ठेव. पिळलं की रस गढूळ होतो. गाळलेला रस पुन्हा गरम कर, कडेला बुडबुडे दिसले की उतरव, उकळलेल्या बाटलीत भर, गार झाला की फ्रिजमध्ये. ॲल्युमिनियमचं किंवा कल्हई उडालेलं पितळी भांडं अजिबात नको, रस कळकतो. हंगाम नसेल तर अर्धा किलो काळे मनुके दोन लिटर पाण्यात रात्रभर भिजव, सकाळी वीस मिनिटं उकळून कुस्करून गाळ. साखर घालायची गरज पडत नाही, आणि मंडळीत मधुमेहाची माणसं असतात. एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात बाटली शनिवारी दुपारभर बाहेर राहिली तर रविवारी गळ्याशी फेस दिसतो आणि झाकण उघडताना फस्स होतं. तो रस मेजावर न्यायचा नाही, कितीही उशीर झालेला असो. म्हणून मनुक्यांचं एक पाकीट वेस्ट्रीच्या, म्हणजे मंदिराच्या तयारीच्या खोलीतल्या, कपाटात कायम ठेवावं.

हिशोब असा. प्रभुभोजन घेणारे १२० असतील तर एका ट्रेमध्ये ४० पेले, म्हणजे तीन ट्रे, आणि पाहुण्यांसाठी चौथा अर्धा. पेला काठोकाठ भरायचा नाही. दहा मिलिलिटर, म्हणजे दोन चमचे, पुरे. १४० पेल्यांना १४०० मिलिलिटर लागतात, दीड लिटरमध्ये सांडलेलं धरून भागतं. रस पूर्ण गार झाल्यावरच भर, गरम रसानं काचेचे पेले तडकतात. भरायला चिंचोळ्या चोचीची किटली घे आणि ट्रे मेजावर सपाट ठेवूनच भर. हातात धरून भरलेल्या ट्रेच्या तळाशी रस साचतो आणि मग पहिल्या बाकावरच्या बाईंच्या पांढऱ्या साडीवर टपकतो. ट्रे एकावर एक ठेवताना वरच्याचा तळ खालच्या पेल्यांना टेकत नाही ना, हे वाकून बघ. पेले आदल्या दिवशी नुसत्या गरम पाण्यातून काढ. वासाचा साबण लागला की रस तोंडात घेताना माणसाला साबणच आठवतो.

पाव साधा घ्यावा. स्लाइसची कड काढून दीड सेंटिमीटरचे चौकोन केले तर एका स्लाइसचे छत्तीसएक तुकडे होतात. चार स्लाइस पुरतात. ते रविवारी सकाळीच काप. शनिवारी रात्री कापलेला पाव कडक होतो, आणि म्हाताऱ्या माणसांना तो घशात अडकतो. तुकड्यांवर किंचित ओलसर स्वच्छ रुमाल टाक. पाळकसाहेब सर्वांसमोर मोडतात ती भाकर वेगळी, अख्खी. तिला खालच्या बाजूनं सुरीनं अर्ध्यापर्यंत चीर देऊन ठेवायची, म्हणजे मोडताना ओढाताण होत नाही.

वाटपात गोंधळ होतो तो वाट ठरवलेली नसते म्हणून. आदल्या दिवशी मंदिरात उभं राहून ठरवा: कुठल्या बाकापासून ट्रे सुरू करायचा, पलीकडच्या टोकाला कोण घेणार. घेणारा नसला की ट्रे त्याच बाकावरून परत फिरतो आणि पुढून येणाऱ्याला भिडतो. बाहेर तान्ही मुलं घेऊन बसलेल्या आया, पेटी-तबल्यावर बसलेले, दारावरचा माणूस हेच नेहमी राहून जातात. त्यांच्यासाठी एक वडील वेगळा नेम. एखाद्या लहानग्याचा हात ट्रेकडे गेला तर त्याच्यावर डोळे वटारायचे नाहीत. ट्रे अलगद पुढे न्यायचा आणि नंतर त्याच्या आईवडिलांशी त्याच्या तयारीविषयी बोलायचं. उरलेला पाव पाखरांना घालतात, रस झाडाच्या मुळाशी ओततात. आपण पाव-रसाचं ख्रिस्ताच्या शरीर-रक्तात रूपांतर होतं असं मानत नाही, तरी खरकट्यात टाकू नये.

या मेजाची खरी तयारी मात्र घरोघरी होते. स्कॉटलंडमध्ये जुन्या काळी वडील प्रभुभोजनाआधी आपल्या वाट्याच्या घरांत जात, विचारपूस करत आणि धातूचं छोटं नाणं देत; ते दाखवलं की मेजापाशी यायचं. नंतर नाण्याऐवजी कार्ड आलं. त्यात चौकशीची धाक घालणारी बाजू होती आणि ती गेली हे बरं झालं, पण घरी जाणं गेलं तिथं मोठं नुकसान झालं असं मला वाटतं. तुझ्या वाट्याला दहा-पंधरा घरं येतील. वहीत प्रत्येक घराला एक पान दे: माणसं, बाप्तिस्म्याच्या आणि लग्नाच्या तारखा, आजारपण, कोण परगावी आहे. जाताना दुसऱ्या वडिलांना बरोबर घे, विशेषतः एकटी बाई राहते तिथं. संध्याकाळी सातनंतर जा, जेवणाच्या वेळेत नको. चहा एका घरी घे, बाकीच्यांकडे पाणी. दोन भावांत जमिनीवरून बोलणं बंद असेल तर मत्तयाच्या पाचव्या अध्यायातलं, आधी भावाशी समेट कर, हे वचन त्यांना वाचून दाखवण्याआधी दोघांचं वेगवेगळं ऐकून घे. वचन घाईनं काढलं की त्यांना वाटतं, हा मोठ्या भावाच्या बाजूनं आलाय. सलग तीन रविवार कुणी दिसलं नाही की त्याच आठवड्यात जायचं. दोन महिन्यांनी गेलास तर ते कुटुंब दुसरीकडे जायला लागलेलं असतं, किंवा कुठेच जात नसतं.

उपासनेच्या क्रमात तुला फार काही करायचं नाही. पाचारण, गीत, पापकबुली, दोन्ही करारांतले पाठ, उपदेश, विश्वासांगीकार, दानार्पण, मध्यस्थीची प्रार्थना, आशीर्वाद. ज्याला शास्त्रपाठ वाचायचा आहे त्याला बुधवारपर्यंत अध्याय कळव. वंशावळीतली नावं अडखळत वाचली की तरुण मुलं हसतात, आणि तो माणूस पुन्हा वाचायला उभा राहत नाही. गाण्याविषयी एक सांगते. आपल्याकडे ना. वा. टिळकांची भजनं आणि इंग्रजी चालीवरची गीतं दोन्ही चालतात. पेटीवाला स्वतःच्या गळ्याची पट्टी धरतो आणि ती मंडळीला उंच पडते. अंतऱ्याला पुरुष गप्प होतात, बायका किंचाळतात. त्याला एक-दोन सूर खाली घ्यायला सांग, पण सरावाच्या दिवशी, लोकांसमोर नाही. नवं भजन असेल तर उपासनेआधी दहा मिनिटं सगळ्यांकडून ध्रुपद म्हणवून घ्यावं.

निवेदनं तीन मिनिटांत संपली पाहिजेत. एका कागदावर लिहून आण. आभाराची यादी, कुणाच्या पदोन्नतीचं अभिनंदन, वर्गणीची आठवण हे सगळं तोंडी सुरू झालं की पंधरा मिनिटं जातात, आणि ऐकलेल्या उपदेशातलं काही उरत नाही.

पैसे उपासना संपल्याबरोबर वेस्ट्रीत मोजायचे. मोजणारे दोघे, एकमेकांचे नातेवाईक नसलेले. पाकीट फोडलं की आतली रक्कम पाकिटावरच पेन्सिलीनं लिही, मग नोंदवहीत, मग पाकिटं वर्षाचा ताळेबंद होईपर्यंत जपून ठेव. नोटा किमतीप्रमाणे वेगळ्या, नाणी वेगळी, एकूण आकडा अंकी आणि अक्षरी, दोघांच्या सह्या. सोमवारी बँकेत भरणा. थैलीतल्या पैशातून तिथल्या तिथं विजेचं बिल किंवा फुलवाल्याचे पैसे द्यायचे नाहीत, ते भरणा झाल्यावर व्हाउचरनं. भांडणं चोरीपेक्षा या सोयीतून जास्त होतात. पंधराशे आले होते की अठराशे, हे सहा महिन्यांनी कुणालाच सिद्ध करता येत नाही, आणि संशय प्रामाणिक माणसावर बसतो.

पैसे नसलेल्या घरांचं दानही मोलाचं असतं, ते स्वीकारायची रीत हवी. मिझोरामच्या प्रेस्बिटेरियन मंडळ्यांत १९१० पासून बायका प्रत्येक वेळी भात टाकताना मूठभर तांदूळ बाजूला काढतात. ते गोळा करून विकतात, आणि त्यावर तिथं मिशनचं मोठं काम उभं राहिलं आहे. तुमच्या महिला मंडळापुढे हे मांडून बघ. डबा झाकणाचा हवा आणि पंधरा दिवसांनी गोळा व्हायला हवा, पावसाळ्यात टोके होतात. सुगीच्या सणाला ज्वारी, गूळ, नारळ, कोंबड्या येतात आणि उपासनेनंतर लिलाव होतो. भाजी आणि कोंबड्या आधी पुकारा. बोली सुटताक्षणी नाव आणि रक्कम लिहून घे. येणं राहतं ते ‘नंतर देतो’ म्हणणाऱ्यांचं. नारळ पाचशेला गेला की सगळ्यांना आनंद होतो, होऊ दे. पण दोन शेर ज्वारी आणणाऱ्या म्हातारीचं नावही तितक्याच मोठ्यानं पुकारलं गेलं पाहिजे, हे तू बघ.

मिरजेत असल्यानं तुझ्यावर एक जास्तीचं काम पडेल. डॉ. वॉन्लेस यांचं रुग्णालय १८९४ पासून तिथं आहे, आणि खेड्यांतल्या मंडळ्यांची माणसं मिरजेला उपचाराला येतात. त्यांच्या पाळकांचा फोन येईल. दोघांनी जा, दहा मिनिटं थांबा, खाटेवर बसू नका, सलाईनच्या बाजूला उभे राहू नका. एक लहान स्तोत्र पुरे, १२१ वं किंवा २३ वं. डोक्यावर हात ठेवण्याआधी विचारा. शेजारच्या खाटेवरचा माणूस दुसऱ्या धर्माचा असतो. आवाज त्याला त्रास होणार नाही इतकाच. निघताना बरोबरच्या नातेवाइकाला विचारा, जेवलास का? बहुतेक वेळा तो सकाळपासून उपाशी असतो, म्हणून डबा नेलेलाच बरा.

इतिवृत्ताची वही कुणाकडे आहे ते पहिल्याच सभेत विचारून घे. प्रार्थनेनं सुरुवात, हजर आणि गैरहजर, ठराव, सूचक, अनुमोदक, प्रार्थनेनं समाप्ती. मध्ये कोरं पान सोडायचं नाही, खोडलेल्या शब्दावर सही करायची. वरची सभा ही वही तपासते. एखाद्या सभासदाच्या घरातली नाजूक गोष्ट सभेत आली तर इतिवृत्तात फक्त निर्णय लिहा, तपशील नको. वही पन्नास वर्षांनी त्याची नातवंडं वाचतील.

मनुक्यांचं एक पाकीट आणि किटली आत्याबरोबर शुक्रवारी पाठवते. किटलीच्या चोचीत गाळणी आहे, ती काढून धुवायची.

तुझी,
आई

ता. क. नेमणुकीच्या दिवशी सुनीताला आणि मुलांना पुढच्या बाकावर बसव. प्रार्थनेच्या वेळी तू गुडघे टेकशील तेव्हा धाकटी तुझ्याकडे धावेल. येऊ दे तिला.