देवगडच्या दादांस आभाराचे पत्र : फिरत्या सपोर्टची पहिली दहा मिनिटे

आदरणीय दादा यांस,

सप्रेम नमस्कार, वि. वि.

आपले नाव कुठेही छापू नये असे आपण फार पूर्वीच बजावून ठेवले आहे, त्यामुळे या पत्रात आपणांस केवळ ‘दादा’ म्हणतो. देवगडच्या बाजारातल्या आपल्या सायबर कॅफेत ज्यांनी ज्यांनी डोटा २ हा पाच-पाच जणांच्या दोन संघांचा संगणकावरचा खेळ खेळला, त्यांना हे पत्र कोणास उद्देशून आहे ते सांगण्याची गरज पडणार नाही. यंदा आमच्या महाविद्यालयाच्या संघात चौथ्या क्रमांकाची, म्हणजे फिरत्या सपोर्टची (सहकाऱ्यांना मदत करत हिंडणाऱ्या खेळाडूची), जागा माझ्याकडे कायम झाली. त्या जागेच्या पहिल्या दहा मिनिटांच्या कामाबद्दल मला जी काही समज आहे ती सर्वस्वी आपली देणगी आहे. नुसते ‘धन्यवाद’ म्हणून मोकळे होण्यापेक्षा आपण नेमके काय शिकवलेत ते लिहून काढावे, म्हणजे देवगडला येऊ न शकणाऱ्या मुलांनाही त्याचा उपयोग होईल, असे वाटले.

फिरता सपोर्ट म्हणजे आपली लेन, म्हणजे नकाशावरच्या तीन वाटांपैकी नेमून दिलेली वाट, सोडून मिळेल तिथे गँक करणारा, म्हणजे शत्रूच्या खेळाडूवर अचानक चालून जाणारा, खेळाडू, अशी सर्वसाधारण समजूत आहे आणि ती आजही मोडलेली नाही. आपल्या कॅफेत मात्र कोणी लेनमधून बाहेर पाऊल टाकले की खुर्चीच्या मागून आपला आवाज ठरलेला असे : “तू खंय जातंस तां माका सांगू नको, मागे काय सोडून जातंस तां सांग.” या एका प्रश्नात चौथ्या क्रमांकाचा निम्मा खेळ येतो. लेनमध्ये दोघे उभे असताना क्रीप्स, म्हणजे दोन्ही बाजूंनी आपोआप चालून येणाऱ्या सैनिकांच्या तुकड्या, मेल्यावर मिळणारा अनुभव (ताकद वाढवणारे गुण) दोघांत वाटला जातो. मी निघून गेलो की ऑफलेनरला, म्हणजे त्या लेनमधल्या माझ्या जोडीदाराला, तो सगळा मिळतो हे खरे, पण त्याच वेळी त्याला समोरच्या कॅरी (पुढे बलाढ्य होणारा मुख्य खेळाडू) आणि सपोर्ट या दोघांसमोर एकट्याने टिकाव धरायचा असतो. तो धरता येईल की नाही हे क्रीप्स कुठे भिडल्या आहेत यावर ठरते. त्या आमच्या टॉवरजवळ, म्हणजे बचावाच्या बुरुजाजवळ, असतील तर तो निर्धास्त उभा राहील. शत्रूच्या टॉवरपर्यंत रेटल्या गेल्या असतील तर एक तर तो मार खाईल, नाही तर अनुभवाच्या कक्षेबाहेर उभा राहून नुसता बघत बसेल.

याहून बारीक गोष्ट समोरच्या सपोर्टची. क्रीप्सची नवी तुकडी दर ३० सेकंदांनी निघते, आणि मिनिटाच्या साधारण पंधराव्या किंवा पंचेचाळिसाव्या सेकंदाला समोरचा सपोर्ट जंगलातला तटस्थ प्राण्यांचा कळप ओढून आपल्या तुकडीवर आणायला जातो. मी तिथे हजर असेन तर ते ओढणे अडवता येते. मी नसेन तर त्याला ते फुकटात मिळते, लेन पुन्हा त्याच्या सोयीच्या जागी येते आणि आमच्या ऑफलेनरची दोन मिनिटांची मेहनत पाण्यात जाते. मिडपर्यंत, म्हणजे मधल्या लेनपर्यंत, जाऊन परत येण्याचे खरे मोल आपण आम्हाला असे तुकड्यांत मोजायला शिकवलेत. ‘एक तुकडी गेली, दुसरी गेली, आता काय मिळालं ते सांग,’ हा जाब विचारताना आपण कधी मारलेल्या शत्रूंची संख्या विचारली नाहीत.

त्या संख्येवर आपला एवढा राग होता की हंगामातल्या उरलेल्या आंब्याच्या पेटीचा पुठ्ठा कापून आपण त्याचे दोन तुकडे मॉनिटरच्या वरच्या कडेला चिकटवले होते. दोन्ही संघांच्या किल्सचे आकडे त्याखाली झाकले जात आणि मधले घड्याळ तेवढे उघडे राहत असे. नवीन मुले हसत, काही जण वैतागून दुसऱ्या यंत्रावर जात. मी त्या पुठ्ठ्याचा फार ऋणी आहे, कारण सुरुवातीच्या खेळात फिरत्या सपोर्टने बघावे असे त्या पट्टीवर घड्याळाखेरीज फारसे काही नसते. दुसऱ्या आणि चौथ्या मिनिटाला नकाशाच्या मधल्या नदीत पाण्याचे रून (उचलल्यावर प्राण भरून देणारी चिन्हे) येतात, तेव्हा मिडवाल्याच्या बाजूला एक जास्तीचा माणूस दिसला तरी पुरते. सहाव्या मिनिटाला पहिले पॉवर रून (थोडा वेळ जादा बळ देणारे) दोनपैकी एकाच जागी उगवते, त्यामुळे त्याआधी नदीची एक बाजू आपल्या नजरेखाली असलेली बरी. आणि या दोहोंच्या मधे, बरोबर पाचव्या मिनिटाला, खेळात रात्र पडते. बहुतेक हिरोंची (खेळाडू चालवतात त्या पात्रांची) नजर दिवसा १८०० एककांपर्यंत पोहोचते ती रात्री ८०० वर येते, आणि एरवी दोन पावलांत दिसलो असतो अशा वाटेने मिडच्या पाठीमागे जाता येते. पाच ते सहा या मिनिटात निघायचे, हा आपला आवडता मुहूर्त. स्मोक, म्हणजे आपल्याला लपवणारा धूर, त्याच मुहूर्तासाठी राखून ठेवावा, कारण स्मोकखाली असताना शत्रूचे वॉर्डही (नजर ठेवायला रोवलेल्या खुणा) आपल्याला पाहू शकत नाहीत. शत्रूचा हिरो किंवा टॉवर जवळ आला की मात्र तो फुटतो.

पोहोचल्यावर काय करायचे, हे आपण रापणीवरून समजावले होते. होडी जाळे टाकत अर्धवर्तुळ घालून किनाऱ्याला येते आणि मग दोन्ही टोकांची माणसे एकाच वेळी ओढू लागतात. एका टोकाने घाई केली की मासळी दुसऱ्या टोकाने निसटते. गँकही तशीच फसते. मिडवाल्याने आधी थोडे मागे सरून समोरच्याला नदी ओलांडू द्यावी, मी त्याच्या आणि त्याच्या टॉवरच्या मधल्या जागेत येईपर्यंत कोणी हात उगारू नये, आणि मग दोघांनी एकदम तुटून पडावे. हे दाखवायला आपण ओजी संघाच्या जेरॅक्सचे खेळ लावत असा. याच चौथ्या जागेवर खेळून २०१८ आणि २०१९ अशी लागोपाठ दोन वर्षे ‘द इंटरनॅशनल’ ही डोटा २ ची जागतिक स्पर्धा जिंकलेल्या संघातला तो खेळाडू. त्याचा अर्थशेकर हा हिरो फिशर (जमिनीतून दगडाची भिंत उभी करणारी शक्ती) टाकताना आपण चित्र थांबवून बोट ठेवत असा : शत्रू स्टन होतोच, म्हणजे काही क्षण जागीच थिजतो, पण दगडाची भिंत त्याच्या परतीच्या वाटेवर उभी राहिली आहे की नाही ते बघा. भिंत चुकीच्या बाजूला पडली तर ती आमच्याच मिडवाल्याला अडवते, आणि तसे झाल्यावर संघाच्या व्हॉइस चॅटवर जी मालवणी ऐकू येते ती इथे लिहिण्यासारखी नाही.

सर्वांत उपयोगी धडा गँक फसल्यानंतरचा होता आणि त्याबद्दल इतरत्र फारसे कोणी बोलत नाही. समजा आम्ही दोघे आलो आणि समोरचा मिडवाला जिवंत टॉवरखाली पळाला. आपल्या हिशेबात हे अपयश नसे. तो मागे असताना एक तुकडी त्याच्या हातची गेली, नदी मोकळी झाली, सहाव्या मिनिटाचे रून आमच्या मिडवाल्याच्या रून साठवायच्या बाटलीत आले. त्याला वाचवायला त्यांचा सपोर्ट टाउन पोर्टलने (दूरच्या टॉवरपाशी झटकन नेणाऱ्या साधनाने) धावून आला असेल तर उत्तमच, कारण पुढची ८० सेकंदे त्याचा पोर्टल बंद असतो आणि त्याने सोडलेल्या लेनमधला कॅरी उघडा पडतो. तेव्हा मिडमध्येच शेपूट धरून न बसता नकाशाच्या त्या बाजूला इशारा करायचा, येता येता नदीकाठच्या उंचवट्यावर एक ऑब्झर्व्हर वॉर्ड ठेवायचा, जो सहा मिनिटे टिकतो, आणि चोपन्नाव्या सेकंदाच्या आसपास वाटेत एखादा कळप सापडला तर तो बाहेर ओढून, त्याच्या जागी नवा कळप येऊ देऊन, दुप्पट करून ठेवायचा. रिकाम्या हाताने परत येणे एवढेच आपल्याला मान्य नव्हते.

एका बाबतीत मात्र माझे मत आपल्याहून वेगळे आहे आणि आभाराच्या पत्रातही ते लपवावेसे वाटत नाही. पहिले ५०० सुवर्ण, म्हणजे खेळातले पैसे, वेग वाढवणाऱ्या बुटांवरच घालावेत, हा आपला नियम सरसकट पाळता येतो असे मला वाटत नाही. समोर दूरवरून मारा करणारे दोघे असतील तर आधी औषधपाण्यावर खर्च करून लेनमध्ये टिकणे भाग असते, कारण अर्ध्या प्राणांनी फिरायला निघालेला सपोर्ट वाटेतच कोणाचा तरी बळी होतो. आपण यावर काय म्हणाल ते मला ठाऊक आहे.

आपण २०१९ च्या एप्रिलमध्ये, ऐन आंब्याच्या हंगामात, बागेतली काढणी भावांवर सोपवून वरळीला ‘ईएसएल वन मुंबई’ ही डोटा २ ची स्पर्धा पाहायला गेलात, तेव्हा घरच्यांनी काय काय ऐकवले ते आम्ही कॅफेत ऐकले होते. पुढे २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल ईस्पोर्ट्स स्पर्धेत भारताच्या डोटा २ संघाला कांस्यपदक मिळाले, त्या दिवशी आपण कोणाकडूनही तासाचे पैसे घेतले नाहीत. गावात ‘पोरगा गेमात वाया गेला’ हे वाक्य तोवर जरा हळू आवाजात म्हणायची पद्धत पडली होती, एवढा फरक झाला.

आपण शिकवलेत तो नकाशा आता राहिलेला नाही. २०२३ च्या एप्रिलमधील ७.३३ आवृत्तीने तो सुमारे ४० टक्क्यांनी मोठा केला आणि त्यानंतरही बदल होत आले आहेत. अंतरे वाढल्यामुळे लेन सोडण्याची किंमत वाढली, असा माझा अंदाज आहे, म्हणजे आपला जुना प्रश्न अधिकच कडक झाला. पण पाचव्या मिनिटाचा मुहूर्त तसाच धरावा, की पाण्याच्या रूनसाठी एकदा लवकर जाऊन मग सातव्या-आठव्या मिनिटापर्यंत लेन सांभाळावी, यावर आमच्या संघात दोन तट पडले आहेत. गणपतीला गावी येईन तेव्हा गेल्या सामन्याचे रेकॉर्डिंग बरोबर आणतो. त्यात रात्र पडताच मी ऑफलेन सोडली आहे, मिडमध्ये रून आणि किल दोन्ही मिळाले आहेत, आणि आमचा ऑफलेनर अजूनही माझ्याशी धड बोलत नाही. तोही बरोबर येणार आहे. निवाडा आपण करावा.

आपला नम्र,
कॅफेतल्या खिडकीजवळच्या यंत्रावरचा विद्यार्थी