रामनगरच्या काकूंना

प्रिय काकू,

तोंडावर आभार मानले की तुम्ही रागावता, म्हणून चारचौघांत लिहितेय. इथे तुम्हाला मधेच तोडता येणार नाही.

२२ सप्टेंबर २०२३ ला आमच्याकडे महालक्ष्म्यांचं जेवण झालं. उरलेली आंबील झाकून आम्ही दमून झोपलो. त्या रात्री नागपुरात चार तासांत १०० मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदी डागा लेआउटमधल्या आमच्या तळमजल्यात शिरली. सासूबाईंना पाठीवर घेऊन हे कसेबसे वरच्या मजल्यावर चढले. पाण्याची वाट कुणी अडवली, हा वाद पुढे उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात गेला. मी त्यात पडत नाही.

मदत भरपूर आली, खोटं कशाला बोलू? जेवणाची पाकिटं आली, चादरी आल्या, पंचनाम्यानंतर सरकारने जाहीर केलेले १० हजारही मिळाले. पण दर वेळी रांगेत उभं राहायचं, काय काय गेलं ते सांगायचं, वर फोटो. आठवडाभरात माणूस स्वतःची ओळख ‘पूरग्रस्त’ अशीच करून देऊ लागतो.

तुमची-आमची ओळख ती काय, तर गोकुळपेठच्या बाजारात एकाच भाजीवालीशी घासाघीस करण्याइतकी. तरी तुम्ही मागची खोली उघडून दिलीत आणि पहिल्याच संध्याकाळी बजावलंत, “पाहुणी होऊन राहू नको बाप्पा, चार दिवसांत कंटाळशीन. सकाळी सात ते नऊ ओटा तुझा. तुझा डबा तूच कर.” सासूबाई भिंतीकडे तोंड करून पडून राहायच्या. त्यांच्यापुढे तुम्ही मेथीच्या जुड्या टाकल्यात. वर “नीट निवडा, माती राहते” म्हणून टोकलंतही! त्या चिडल्या, उठून बसल्या. पुराच्या रात्रीनंतर त्या पहिल्यांदाच कुणाशी भांडल्या, आणि मला इतकं बरं वाटलं की काय सांगू.

दिवाळीच्या तोंडावर आम्ही घरी परतलो. भिंतींना ओल होती, गाद्या केव्हाच फेकल्या होत्या. वर्षाच्या गव्हाची कोठी उघडली तर आत नुसता आंबूस लगदा. तुम्ही तुमच्या कोठीतले गहू मोजून दिलेत आणि कॅलेंडरवर लिहून ठेवलंत. “उसने आहेत, नवा गहू आला की परत पाहिजेत.” यांना ते जरा कंजूषपणाचं वाटलं. मला नाही वाटलं. दिलेलं परत फेडू शकणारं घर आहे हे, असं तोवर कुणीच धरून चाललं नव्हतं.

नवा गहू आला तसे आम्ही पोते घेऊन आलो. तुम्ही मूठभर हातात घेऊन पाहिलेत, “दाणा बारीक आहे” म्हणालात आणि ठेवून घेतलेत.

यंदा महालक्ष्म्यांना सवाष्ण-ब्राह्मणाचं काय ते नंतर पाहू, पहिलं पान तुमचं. सोळा भाज्यांची यादी सासूबाईंनी केलीय. मेथी तुम्हीच निवडायची, असा त्यांचा निरोप आहे. आणि तुमचा सिलिंडर अजून आमच्याकडेच आहे. भरून घेतलाय, रविवारी हे आणून देतील.

तुमची,
मागच्या खोलीतली